जुनी मीडियम बोअर रायफल आणि गोव्याचा पावसाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तरी, डिचोली, फोंडा, सांगे, काणकोण या तालुक्यांतल्या जुन्या घरांत अजूनही एखादी रायफल निघते. आजोबा किंवा पणजोबा पारधीला जायचे, त्यांच्यामागे ती कपाटात उभी राहिली आणि दरवर्षीच्या पावसाने तिला थोडंथोडं खाल्लं. आता नातवाला ती ‘पहिल्यासारखी’ करायची आहे. अशा घरांतून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं परवानाधारक मालकासाठी आहेत. परवाना नसेल तर तिसऱ्या प्रश्नापासून वाचायला घ्या.

मीडियम बोअर म्हणजे नेमकं काय?

ढोबळमानाने .३३ ते .३७५ इंचांपर्यंतचा बोअर, म्हणजे नळीच्या आतलं तोंड. लहान बोअरपेक्षा गोळी जड, पण .४७०, .५७७ अशा हत्तीसाठीच्या जोडनळीइतका (दोन नळ्यांच्या रायफलीइतका) धक्का नाही. १९०५ मध्ये बर्लिनचे बंदूक कारागीर ओटो बॉक यांनी ९.३×६२ हे काडतूस काढलं. ते साध्या माउझर ९८ ॲक्शनमध्ये (नळीमागचा, बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) बसायचं, त्यामुळे रायफल स्वस्त पडायची आणि आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनाही परवडायची. १९१२ मध्ये लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने .३७५ बेल्टेड (बुडाशी पट्टा असलेलं) मॅग्नम आणलं. ३०० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला सुमारे २,५०० फूट. आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरासाठी आजही हाच किमान बोअर धरतात. हिंदुस्थानात वाघ आणि गव्यासाठी संस्थानिक, चहामळेवाले, जंगलखात्याचे साहेब यांच्या हातात हीच जात असायची. .३१८ वेस्टली रिचर्ड्स, .३३३ जेफ्री, .३५० रिग्बी ही त्याच घराण्यातली इतर नावं.

परवान्यावर ‘.३७५’ लिहिलंय. मग काडतूस कुठलं ते ठरलंच ना?

नाही. सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो.

.३७५ या आकड्याखाली निदान चार वेगवेगळी काडतुसं आहेत: बेल्टेड मॅग्नम, त्याचंच जोडनळीसाठीचं काठवालं रूप, जुनं अडीच इंची नायट्रो एक्स्प्रेस, आणि मानलिखर-शोनाउअरचं ९.५×५७, ज्याला विलायतेत .३७५ रिमलेस म्हणत. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. .३१८ ची गंमत तर आणखी वेगळी. वेस्टली रिचर्ड्सच्या .३१८ ची गोळी प्रत्यक्षात .३३० इंचाची आहे, आणि ज्या जर्मन ८ मिलिमीटरची गोळी खरोखर .३१८ इंचाची आहे त्याच्यावर हा आकडा सहसा लिहिलेलाच नसतो. त्या जर्मन ८×५७ मध्येही ‘जे’ आणि ‘जेएस’ अशा दोन जाती आहेत. जेएसची .३२३ ची गोळी जुन्या अरुंद जे नळीत घातली तर दाब धोक्याच्या पातळीवर जातो.

तेव्हा आधी ठसे वाचा. नळीच्या मागच्या टोकाला, बऱ्याचदा लाकडाखाली झाकलेल्या भागावर, प्रूफ हाऊसचे (नळीची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे) शिक्के असतात. जर्मन रायफलीवर मुकुटाखाली बी, यू, जी, एन अशी अक्षरं दिसली तर ती साधारण १९४० च्या आधीची. गरुडाखाली एन असेल तर त्यानंतरची. बर्मिंगहॅमचा मुकुटाखाली बीएनपी हा ठसा १९५४ पासूनचा. पोर्तुगीज अमदानीत घेतलेल्या रायफलीवर इंचांऐवजी मिलिमीटरचे आकडे असण्याची शक्यता जास्त. शंका उरलीच तर कारागीर चेंबरचा (नळीत काडतूस बसतं त्या जागेचा) साचा घेतो आणि मापं काढून सांगतो. परवान्यावरच्या कारकुनी आकड्यावर विसंबून काडतूस विकत घ्यायचं नाही.

आजोबा वारले, रायफल घरातच आहे. परवाना त्यांच्या नावावर होता. आता काय करायचं?

दुरुस्तीचा विचार बाजूला ठेवा आणि पोलीस ठाण्यात जा. परवानाधारक गेला की त्या हत्याराचा ताबा कायदेशीर राहत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की अशा वेळी हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. पावती घ्यायची. मग वारस म्हणून आपल्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. बाकीच्या वारसांची लेखी संमती जोडायची. ही संमतीच सर्वांत वेळखाऊ. भाटावरून (बागायती जमिनीवरून) कोर्टात गेलेले भाऊ रायफलीवर सह्या करतील अशी आशा धरू नका, आधीच बसून बोला.

आजोबा हयात असतील तर काम सोपं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो वारसाचं नाव सुचवून परवाना त्याच्याकडे देण्याचा अर्ज करू शकतो. आमच्या भागात हे फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हातारा माणूस स्वतः सही करायला असतो तेव्हा दहा कागद कमी लागतात.

आणखी एक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. वारसाहक्काने आलेल्यालाही ही मर्यादा लागू आहे. परवान्याची मुदत मात्र त्याच दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षं झाली.

ती तर गंजून बसली आहे, बोल्टही उघडत नाही. तरी परवाना लागतो?

लागतो. कलम ४५ मधली सूट वाचून लोक खूश होतात, पण त्यातले शब्द नीट बघा: जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्ती करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. तुम्ही तर ती दुरुस्त करायलाच निघाला आहात. गंजलेली माउझर चार दिवस तेलात ठेवली की उघडते, हे पोलिसांनाही माहीत असतं.

आमचं घर म्हादई अभयारण्याच्या काठावर आहे. वेगळं काही लागतं का?

हो, आणि हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३४ म्हणतं की अभयारण्याच्या आत किंवा १० किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकांकडे आपलं नाव नोंदवायचं. नवा परवानाही त्या परिघात त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. नकाशा काढून बघा: म्हादई, भगवान महावीर, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव. या पाच ठिकाणांभोवती १० किलोमीटरची वर्तुळं काढली की गोव्याचा पूर्वेकडचा जवळजवळ सगळा पट्टा त्यात येतो. वारसाचा अर्ज अडकून पडतो तो बऱ्याचदा याच संमतीवर. म्हणून दोन्हीकडचे कागद एकाच वेळी हलवा.

अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्याने रायफल न्यायची असेल तर तीही लेखी परवानगीशिवाय नाही.

दुरुस्त झाल्यावर शिकार करता येईल का? रानडुकरांनी कुळागर (माडा-पोफळीची बाग) उद्ध्वस्त केलंय.

नाही. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर परिशिष्ट २ मध्ये आहे. त्याला उपद्रवी ठरवा अशी मागणी अधूनमधून होते, पण मागणी म्हणजे परवानगी नव्हे. मेरू (सांबर), भेकर, साळिंदर यांच्याबद्दल तर विचारूही नका.

पीक संरक्षणाचा मुद्दा तर वेगळाच आहे. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी उल्लेख येतो तो ठासणीच्या बंदुकीचा. ९.३ ची गोळी कुळागरातून सुटली की माड, पोफळी, पलीकडचा वाडा, सगळं ओलांडून जाते. जांभ्या दगडाचे डोंगर आणि दाट वस्ती यांच्यामध्ये असं हत्यार वापरायला जागाच नाही.

मग दुरुस्त का करायची? कारण ती चांगली वस्तू आहे. १९३० च्या आसपासची ओबर्नडॉर्फची माउझर किंवा विलायती दुकानातली .३७५ आज कुणी तसल्या हातकामाने बनवत नाही. परवाना असताना ती सडू देणं मला पटत नाही. एवढं कारण मला पुरतं. ज्यांना पुरत नाही त्यांनी ती विकून टाकावी.

घरी काय करता येतं आणि काय नाही?

शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे हत्यार दुरुस्त करणं, बदलणं, चाचणी घेणं हे परवानाधारक कारागिराचं काम आहे. पुसणं, तेल देणं, नळी साफ करणं, दस्त्याच्या लाकडाची निगा हे मालकाचं. माझी रेघ सोपी आहे: ज्या कामाला कानस, वेल्डिंग, भट्टी किंवा ड्रिल लागतं ते घरी नाही. खटक्याचं काम तर अजिबात नाही. ‘जरा हलका करून दे’ म्हणत घोड्याचा कोन घासणारे हौशी मेकॅनिक मी पाहिलेत. पृष्ठभाग कठीण केलेला पातळ थर घासून गेला की आतलं मऊ लोखंड झिजतं आणि सेफ्टी काढताच बार उडू शकतो.

पहिल्यांदा हातात घेतल्यावर काय?

तोंड सुरक्षित बाजूला. बोल्ट उघडा, मॅगझीन बघा, चेंबरमध्ये बोट घालून बघा. डोळ्यांवर भरवसा नको, साठ वर्षं चेंबरमध्ये राहिलेलं काळं पडलेलं काडतूस अंधारात दिसत नाही. बोल्ट अडकला असेल तर रायफल भरलेलीच आहे असं धरून थेट कारागिराकडे, हातोडा मारायचा नाही.

मग काहीही पुसण्याआधी फोटो काढा. सगळ्या बाजूंनी, ठशांचे जवळून, स्क्रूंच्या खाचा कुठल्या दिशेला आहेत तेसुद्धा. चांगल्या विलायती रायफलीवर सगळे स्क्रू नळीच्या दिशेत सरळ उभे असतात. वाकडा दिसला की समजावं, आधी कुणीतरी हात घातलाय.

स्क्रूंबद्दल आणखी: साध्या पेचकसाचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं, ते खाचेतून वर निसटतं आणि काठ फाडून टाकतं. बंदुकीच्या स्क्रूला समांतर बाजूंचं, खाचेत घट्ट बसणारं पातं लागतं. ते हवं तसं घासून घ्या. आधी आदल्या रात्री भेदक तेलाचा थेंब सोडा.

गंज किती खोल गेलाय ते कसं कळतं? कसा काढायचा?

नळी आणि ॲक्शन लाकडातून वर उचलली की कळतं. बाहेरून जेमतेम ठिपके असलेल्या रायफलीलाही लाकडाच्या काठाबरोबर, जिथे हवा आणि ओल भेटतात तिथे, आखल्यासारखी लाल-तपकिरी रेघ असते. त्या रेघेखाली धातू कुठे काळा, कुठे खवले सुटल्यासारखा. नखाने खवला निघाला आणि खाली खड्डा लागला तर तो कायमचा. नुसतं नख घसरत गेलं तर तो वरवरचा आहे, आणि बरंच वाचतं.

वरवरच्या गंजासाठी पातळ यंत्रतेल आणि सर्वांत बारीक, चार शून्यांची स्टील वूल. भरपूर तेल, हलका हात, एकाच दिशेत. थोडं घासलं की पुसून बघा. कपड्यावर तपकिरी येतंय तोवर गंज निघतोय, निळसर-काळं यायला लागलं की थांबा, आता जुनं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, जातंय. हट्टी ठिपक्यावर तेल टाकून रात्रभर ठेवा आणि तांब्याच्या नाण्याच्या काठाने किंवा पितळी पट्टीने हळू खरवडा. पितळ पोलादापेक्षा मऊ, ते ओरखडे पाडत नाही.

आता घरगुती उपाय. आमच्याकडे तांब्यापितळेची भांडी भिरंडाच्या (कोकमाच्या) सोलांनी आणि चिंचेने घासतात, म्हणून कुणीतरी हमखास सुचवतं. आम्लाने गंज जातो खरा, पण त्याबरोबर ब्लूइंग क्षणात साफ होतं आणि उघड्या पोलादावर दोन दिवसांत नवा गंज येतो. व्हिनेगर, लिंबू, बाजारातली गंजनाशकं, सगळी त्याच माळेतली. वायर ब्रश लावलेला ग्राइंडर हे तर गुन्हेगारी कृत्य समजावं.

समुद्राजवळच्या घरांत, पेडणे किंवा काणकोणच्या किनाऱ्याकडे, हवेत क्षार असतो. तिथे गंज काढून झाल्यावर धातू आधी पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या आणि मग तेल लावा, नाहीतर क्षार तेलाखाली काम चालू ठेवतो.

नळी आतून कशी तपासायची?

बोल्ट काढा आणि मागून आकाशाकडे बघा. मग पुढून बघा. पुढच्या टोकाचा कडा, ज्याला क्राउन म्हणतात, वाटोळा आणि अखंड आहे का ते भिंगाने बघा. नळी साफ करायचा गज समोरून घालून साफ केलेल्या रायफलींत तोच घासला जातो, आणि मग नळी आतून आरशासारखी असली तरी गोळ्या पसरतात.

आत दिसणाऱ्या गोष्टी तीन. एक, चेंबरच्या पुढच्या गळ्याशी मगरीच्या कातडीसारखी भेगाळलेली खरखर, ती कॉर्डाइटच्या (जुन्या विलायती काडतुसांतल्या दारूच्या) उष्णतेने झालेली झीज. दोन, चंदेरी गाठी किंवा पट्टे, विशेषतः पुढच्या टोकाकडे, त्या जुन्या निकेलवेष्टित गोळ्यांचा मळ. तीन, काळे खड्डे.

खड्डे बहुतेकदा जुन्या प्रायमरमुळे (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी). त्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं, बार उडाल्यावर त्याचं क्लोराइड बनतं, आणि ते मिठासारखंच हवेतली ओल ओढून घेतं. तेलाने ते विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. म्हणून जुने शिकारी बार काढल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायचे, आणि ज्या घरात ही सवय होती तिथल्या नळ्या आजही आरशासारख्या आहेत.

साफ करताना गज शक्यतो मागूनच, मार्गदर्शक नळी वापरून. ब्रॉन्झचा ब्रश, बोअर सॉल्व्हेंट, मग सुती चिंध्या, चिंधी स्वच्छ येईपर्यंत. अमोनियावालं सॉल्व्हेंट तांबं आणि निकेल काढतं, पण लावून विसरायचं नाही, वाळलं की पोलादावर डाग उमटतात.

खड्डे असलेली नळी बदलायची का? परवान्यावर नळीचा नंबर आणि बोअर आहे. नवी नळी ही दुरुस्ती नव्हे, दुसरं हत्यारच. लेखी परवानगीशिवाय विषय संपला. थोडे खड्डे असलेली नळी बऱ्याचदा समाधानकारक मारते, त्याची लाज वाटून घेऊ नका.

दस्ता तेलकट काळा झालाय, वर बुरशी आहे, मागच्या बाजूला चीर आहे.

एकेक करू.

बुरशी आधी उन्हात नाही, सावलीत. कोरड्या मऊ ब्रशने झाडा, मग अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. जुनं अक्रोडाचं लाकूड एकदम उन्हात ठेवलं की तडकतं.

तेल मुरलेलं लाकूड मऊ पडतं, विशेषतः ॲक्शनच्या मागे. दस्ता वेगळा करून त्या भागावर खडूची पूड आणि ॲसिटोन यांचा लगदा थापा. ॲसिटोन उडताना तेल वर ओढतं, पूड पिवळी पडते. झाडून पुन्हा थापा. खिडक्या उघड्या, जवळ समई किंवा गॅस नको.

दबलेल्या जागा, जिथे लाकूड तुटलेलं नाही, तिथे ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा. वाफ दबलेले धागे वर उचलते. हे बघताना मजा येते, पण चेकरिंगवर (पकडीसाठी कोरलेल्या चौकड्यांवर) करू नका. सँडपेपरचा मोह आवरा. लाकूड घासलं की धातूपेक्षा खाली जातं आणि सगळ्या कडांवर पायरी दिसायला लागते, जी कधीच भरून निघत नाही.

चिरेचं मात्र मनावर घ्या. मीडियम बोअरचा धक्का थोडाथोडका नाही. तो ॲक्शनखालच्या रिकॉइल लगमधून (धक्का पेलणाऱ्या पोलादी खुंट्यातून) लाकडावर येतो. लगमागचं लाकूड दबलं, तेलाने कुजलं की ॲक्शन मागे सरकते आणि तिच्या मागच्या टोकाची शेपटी लाकडात पाचरीसारखी घुसते. मागची चीर हे लक्षण, रोग लगपाशी. वरून ॲराल्डाइट भरून चीर बुजवली तर पुढच्या दहा बारांत ती दुप्पट होईल. लगमागे इपॉक्सी बेडिंग (इपॉक्सीची घट्ट बैठक) आणि शेपटीमागे कागदाच्या जाडीइतकी मोकळी जागा, हे काम कारागिराचं.

शेवटी अळशीचं उकळलेलं तेल, बोटांनी, अगदी पातळ. चोळून उष्णता निर्माण झाली पाहिजे. एक थर नीट वाळला की पुढचा, पावसाळ्यात हे काम काढूच नका, तेल चिकट राहतं. नळीच्या खालची पन्हळ आणि दस्त्याच्या मागच्या टोकाचं उघडं लाकूड विसरू नका, ओल तिथूनच शिरते. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मग फेका. काही सुतार पॉलिएस्टर किंवा चपडी पॉलिश सुचवतील. फर्निचरसाठी छान.

पुन्हा ब्लूइंग करून घ्यावं का?

माझं मत, नको. मूळ ब्लूइंग फिकं, झिजलेलं असलं तरी ते मूळचं आहे. पुन्हा करायचं म्हणजे आधी पॉलिश, आणि पॉलिशच्या चाकाखाली ठसे, कोरीव अक्षरं, अष्टकोनी नळीच्या धारा गोल होतात. रायफल नवी दिसते आणि किंमत अर्धी होते.

करायचंच असेल तर जुन्या पद्धतीचं सावकाश गंजवून केलेलं, दर थराला उकळून आणि खरवडून. कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या क्षारात बुडवणारं झटपट ब्लूइंग जोडनळीच्या रायफलीला कधीही करू नका. दोन नळ्या जोडणाऱ्या शिशाच्या डाकात ते क्षार शिरतात, डाक खातात आणि वर्षानुवर्षं झिरपत राहतात.

स्कोप बसवता येईल?

भोकं नसतील तर पाडू नका. शंभर, दोनशे यार्डांची पानं असलेली जुनी दृष्टी (नळीवरची नेम धरायची पट्टी) साफ करा, तिच्याशी सवय करा.

दिसायला सगळं ठीक झालं. आता बार काढून बघू का?

आधी हेडस्पेस. बोल्ट बंद असताना बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं ती जागा यांमधलं अंतर गेजने मोजतात, डोळ्यांनी कळत नाही. ९.३×६२ मध्ये ते काडतुसाच्या खांद्यावरून धरतात, .३७५ मॅग्नममध्ये पट्ट्यावरून. बोल्टवरचा नंबर आणि ॲक्शनवरचा नंबर जुळतो का ते बघा. दोन भावांच्या घरात दोन माउझर असतील तर बोल्ट अदलाबदल झालेले मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलेत, आणि त्यातल्या एकाही मालकाला ते माहीत नव्हतं.

पहिला बार परवानाधारक कारागिराकडे, रायफल बांधून, दूरून दोरीने. तो म्हणाला की ही भिंतीवरच शोभेल, तर ऐका.

कारागीर गोव्याबाहेर आहे. रायफल कशी न्यायची?

परवान्यावर वैधतेचं क्षेत्र लिहिलेलं असतं. ‘गोवा’ एवढंच असेल तर बेळगाव किंवा पुण्याला नेण्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. चोर्ल्याच्या किंवा पत्रादेवीच्या नाक्यावर ‘दुरुस्तीला चाललोय’ हे उत्तर चालत नाही. मूळ परवाना, परवानगी, कारागिराच्या परवान्याची प्रत सोबत. रायफल पेटीत कुलूपबंद, बोल्ट काढून वेगळा. कारागिराकडून नंबरासह पावती घ्या, आणि परत आल्यावर तोच नंबर पुन्हा वाचून घ्या.

पावसाळ्यात ठेवायची कशी?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातल्या हवेत ओलावाच ओलावा. तेवढ्या काळात चामड्याच्या म्यानात ठेवलेली रायफल हमखास सडते. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेलं आम्ल धातूला लागतं. मखमली पेटीही तशीच. ती पेटी शोभेला ठेवा, रायफल बाहेर.

लोखंडी कुलूपबंद कपाट, भिंतीपासून जरा दूर, तळाशी कमी शक्तीची गरम होणारी दांडी. आमच्या घरांत कपड्यांच्या कपाटात पावसाळाभर चाळीसचा पिवळा बल्ब लावून ठेवायची पद्धत होती, तत्त्व तेच, पण उघडा बल्ब लाकूड आणि तेलाजवळ नको. एक स्वस्त आर्द्रतामापक आत टांगा आणि काटा ५० च्या आसपास ठेवा. फार खाली गेला तर लाकूड आक्रसतं. सिलिका जेल लहान कपाटात चालतं, मात्र दर पंधरवड्याला ते भाजून कोरडं करावं लागतं, आणि चतुर्थीच्या धांदलीत ते सगळ्यांच्याच राहून जातं.

धातूवर पातळ मेण किंवा गंजरोधक तेल. रायफल तोंड खाली करून उभी ठेवली तर जादा तेल दस्त्यात न मुरता नळीतून बाहेर येतं. काडतुसं वेगळ्या कुलपात.

निवडणुकीत जमा करायला सांगतात. परत येते तेव्हा गंजलेली असते.

ही तक्रार गोवाभर आहे. आमचीही एक आचारसंहितेत गेली ती परत आली तेव्हा नळीवर बोटांचे ठसे गंजात उमटले होते, कुणीतरी घामट हाताने उचलून तशीच ठेवली होती. आता जमा करण्याआधी नळीत आणि बाहेर जाड ग्रीस, मग मेणकागद, मग कापड. प्लास्टिक नको, आत घाम धरतं. ग्रीस लावल्याचं पावतीवर लिहून घ्या. आदेशात परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची मुभा असेल तर भाडं पडलं तरी तिकडे द्या. परत आल्याच्या दिवशीच साफ करा, आणि बार काढण्याआधी नळीतलं ग्रीस पूर्ण काढा, ग्रीसने भरलेल्या नळीत गोळी सोडली तर नळी फुगते किंवा फाटते.

कपाटात जुनी काडतुसं सापडली. पितळ हिरवं पडलंय.

मारायची नाहीत, उघडायची नाहीत, विहिरीत टाकायची नाहीत, शिगम्याच्या होळीत तर नाहीच नाही. साठ-सत्तर वर्षांच्या काडतुसात प्रायमर दगा देतो, बार उशिरा उडतो किंवा पुंगळी फाटून वायू तोंडावर येतो. ज्या बोअरचा परवाना नाही त्याचं एक काडतूस बाळगणंही गुन्हा आहे. डब्यात तशीच ठेवा आणि यादी करून रायफलीच्या कागदांबरोबरच पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे द्या. पावतीवर संख्या लिहून घ्या.

नवी काडतुसं हा वेगळा डोकेदुखीचा विषय. देशी कारखान्यांत .३१५ आणि .३०-०६ बनतात. .३७५ किंवा ९.३ साठी विक्रेत्यांकडे उरलेला आयात साठाच शोधावा लागतो, आणि भाव ऐकून बरेच जण रायफल साफ करून कपाटातच ठेवतात. घरी काडतुसं भरणं परवान्याशिवाय गुन्हा आहे, तो मार्ग कुणी सुचवला तरी धरू नका.